हायलायटरवरची स्ट्रॉबेरी आणि भट्टीतला हापूस

रत्नागिरीतल्या टाइल्सच्या दुकानात जाऊन स्वयंपाकघरासाठी ‘हायलायटर’ दाखवा म्हटलं, की दुकानदार एकामागून एक नमुने काउंटरवर मांडतो. वाफाळत्या कॉफीचा कप. कॉफीच्या भाजलेल्या बिया. लाल, पिवळी, हिरवी सिमला मिरची. पाण्यात डुबकी मारणारी स्ट्रॉबेरी, आडवं कापलेलं किवी. हापूसच्या गावात हापूस मात्र क्वचितच निघतो. कोकम, फणस, बांगडा, अळूचं पान यांची तर बातच नको.

यात दुकानदाराचा दोष नाही. या टाइल्स बहुधा गुजरातमधल्या मोरबीहून येतात. तिथल्या कारखान्यांत फरशीवरचं चित्र आता यंत्राने छापलं जातं. सिरॅमिक शाईचे बारीक थेंब पडतात आणि फरशी भट्टीत जाते. एकच नमुना लुधियाण्यालाही खपला पाहिजे आणि कोचीलाही. स्ट्रॉबेरी यांपैकी कुठल्याच स्वयंपाकघराची नाही, म्हणून ती सगळीकडे चालते.

अन्नाची चित्रं मातीत घडवून, भाजून भिंतीवर लावायची पद्धत मात्र या छपाईपेक्षा फार जुनी आहे, आणि ती माणसाच्या हातातून आली आहे. हातकामाच्या सिरॅमिकमध्ये ताज्या भाज्या, फळं, मासे आणि भांडी हा विषय पाच-सहाशे वर्षं टिकून आहे. कोकणाशी त्याचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही.

आधी कोकणातलं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणू. जांभ्याची भिंत, त्यावर मातीचा गिलावा, खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात चूल. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जायचा, उरलेला भिंतीवर बसायचा. उजेडासाठी छपरात एखादं काचेचं कौल. घरातली सर्वांत काळी खोली हीच. इथे रंगाने काही काढलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते काजळीखाली गेलंच म्हणून समजा. चित्रं ओटीवर, देवघरात, लग्नाच्या भिंतीवर असायची, चुलीमागे नाही. गंमत म्हणजे घरातली भाजलेली माती डोक्यावर होती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी लाल कौलं किनाऱ्याने वर सरकत कोकणभर पसरली. त्याआधी गावचे कुंभार नळीची कौलं घडवत होते. भिंत मात्र या भाजलेल्या मातीपासून लांबच राहिली.

अन्नाची सजावट कोकणाला अनोळखी होती असं मुळीच नाही. ती गणपतीत वर टांगली जायची, अजूनही टांगली जाते. दक्षिण कोकणात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, चिबूड, केळ्यांचे घड, आंब्याचे टाळे, रानातली लालभडक कवंडळं लटकवायची. त्या आठवड्यात परसात आणि रानात जे पिकलं असेल ते सगळं एका चौकटीत येतं. गोव्यात तर सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा भरवतं, आणि शेकडो प्रकारची फळं-पानं जमवणारी कुटुंबं त्यात चुरशीने उतरतात. विसर्जनापर्यंत काकडी मऊ पडलेली असते, टाळे करपलेले असतात. टिकणं हा माटवीचा हेतूच नाही.

इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये पंधराव्या शतकात जवळजवळ हीच गोष्ट टिकाऊ करण्याचा उद्योग सुरू झाला. लुका देल्ला रोब्बिया हा मुळात संगमरवर कोरणारा शिल्पकार. १४४०च्या दशकात त्याने भाजलेल्या मातीच्या शिल्पांवर कथिलाच्या ऑक्साइडची पांढरीशुभ्र, अपारदर्शक झिलई चढवायला सुरुवात केली. शिल्प ऊनपावसात ठेवलं तरी रंग जात नव्हता आणि संगमरवरापेक्षा ते स्वस्त पडत होतं. लुका, त्याचा पुतण्या आंद्रेआ आणि आंद्रेआचा मुलगा जोव्हान्नी या तीन पिढ्यांनी देवादिकांच्या मूर्तींभोवती फळांच्या माळा घडवल्या. लिंबं, द्राक्षं, सफरचंदं, पाइनची बोंडं पानांसकट गोल गुंफलेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात लुकाने घडवलेलं राजा रेने द’आंजूचं राजचिन्ह आहे. त्याचा व्यास तीन मीटरहून जास्त, आणि भोवती फळापानांची भरगच्च माळ. हे चिन्ह पूर्वी फ्लोरेन्सजवळच्या एका घराच्या बाहेरच्या भिंतीवर शतकानुशतकं पावसात उभं होतं. माटवी बांधणाऱ्या कुणालाही ही माळ पाहताना परकं वाटायचं कारण नाही.

स्वयंपाकघराची भिंत या कलेच्या हाती लागली ती स्पेन आणि पोर्तुगालमध्ये. तिथे कारण चक्क धुण्या-पुसण्याचं होतं. झिलईच्या फरशीवरचा तेलकटपणा ओल्या फडक्याने निघतो. पण एकदा फरशी लावायचीच ठरली, तर ती कोरी कोण ठेवेल? माद्रिदच्या सजावटकलांच्या राष्ट्रीय संग्रहालयात अठराव्या शतकातलं व्हॅलेन्सियातलं एक अख्खं स्वयंपाकघर उभं केलेलं आहे, दीड हजारांहून अधिक फरश्यांचं. भिंतीवर मालकीणबाई आहे, खाण्याचे पदार्थ घेऊन येणारे नोकर आहेत, टांगलेले मासे आणि मांस आहे, आणि खाणं पळवणारी मांजरंही आहेत. हे चित्र रंगवणाऱ्याने स्वयंपाकघरात बराच वेळ काढला असणार. मांजर उगाच सुचत नाही. बार्सिलोनाच्या डिझाइन संग्रहालयात १७१० सालचा ‘ला शोकोलाताडा’ नावाचा फरश्यांचा पट आहे, त्यात बागेतल्या मेजवानीत चॉकलेट घोटणं आणि वाटणं चाललेलं दिसतं. लिस्बनचं अझुलेजो, म्हणजे झिलईच्या फरश्यांचं, संग्रहालय १५०९ साली स्थापन झालेल्या एका मठात आहे. त्याच्या उपाहारगृहाच्या भिंतींवर जुन्या स्वयंपाकघरातल्या फरश्या बसवल्या आहेत: आकड्याला टांगलेले मासे, ससे, डुकराच्या तंगड्या. चहा पिता पिता लोक त्या बघतात.

पोर्तुगीजांनी काजू कोकणात आणला, मिरची आणली, अननस आणला. अझुलेजो मात्र गोव्यात चर्चपुरते आणि बड्या इमारतींपुरते राहिले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालचे निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे मोठे पट आहेत. ते जॉर्ज कोलासो या नामांकित चित्रकाराचे, विषय कामोइंश कवीच्या महाकाव्यातला समुद्रप्रवास. याच कोलासोने पोर्तो शहरातल्या साओ बेंतो रेल्वे स्थानकाच्या भिंती सुमारे वीस हजार फरश्यांनी मढवल्या. पणजीत तलवारी, गलबतं आणि राजदरबार आहे. मासळीबाजार नाही.

तो आला मारियो मिरांडांमुळे. लोटलीच्या या चित्रकाराच्या रेषांमधले पाव विकणारे पोदेर, टोपलीवाल्या मासे विकणाऱ्या बाया, टॅव्हर्नमधल्या टेबल-खुर्च्या आज फरश्यांवर उतरून गोव्यातल्या घराघरांत पोचल्या आहेत. आणि हाताने रंगवायची जुनी रीत ऑर्लांदो द नोरोन्हा यांनी पणजीत पुन्हा सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते पोर्तुगालमध्ये ती शिकून आले. या कामात खाडाखोड चालत नाही. एकदा भाजलेल्या फरशीवर झिलईची पांढरी भुकटी पाण्यात कालवून ओततात, ती वाळली की पावडरीसारखी कोरडी आणि पाणी शोषणारी होते. त्यावर ब्रश टेकला की रंग त्याच क्षणी आत ओढला जातो. म्हणून आराखडा आधी कागदावर काढून त्याच्या रेषेवर सुईने भोकं पाडतात आणि वरून कोळशाची पूड आपटतात. ठिपके फरशीवर उमटतात, भट्टीत कोळसा जळून जातो. दारात छाप्याने रांगोळी काढणाऱ्या कोणाही बाईला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

एक दुवा जपानचाही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जपानी कारखान्यांच्या उठावदार नक्षीच्या रंगीत फरश्या मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात उतरल्या. इंग्लंडच्या मिंटन वगैरे कंपन्यांच्या मालापेक्षा त्या स्वस्त होत्या. बारीक उंचवट्याच्या रेषा एका रंगाची झिलई दुसऱ्यात मिसळू देत नसत. फुलं आणि फळं तर होतीच, पण हिंदुस्थानी गिऱ्हाईक ओळखून त्यांनी रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून लक्ष्मी, सरस्वती, कृष्णही फरशीवर घडवले. मुंबई, गोवा, कारवार या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर आणि तुळशीवृंदावनांवर त्या अजून चमकताना दिसतात. देव बाहेर, फळं कोपऱ्यात, स्वयंपाकघर पुन्हा कोरंच.

मुंबईत या विषयाला एक सुंदर संधी येऊन गेली. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली सर जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला. लेखक रडयार्ड किपलिंगचा हा बाप इंग्लंडच्या कुंभारकामाच्या प्रदेशात तयार झालेला. बर्स्लेम गावच्या कारखान्यात तो घडणीचं काम शिकला होता. १८६९ साली पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं त्याचीच आहेत, आणि विषय आहे धान्य पिकवणारे शेतकरी. अन्नाच्या बाजाराच्या दारावर अन्न पिकवणारी माणसं, हे नेमकं. पण काम दगडात झालं. पुढे १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने जे. जे.त झिलईची भांडी बनू लागली, त्यांवर अजिंठ्याच्या धर्तीची नक्षी आली. भाजीबाजार भिंतीवर आला नाही. ज्या आर्थर क्रॉफर्डचं नाव मार्केटला मिळालं, त्याने पुढे कोकणातल्या दंतकथांवर एक पुस्तक लिहिलं. आणि रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या त्याच मार्केटात जाऊन पडू लागल्या. किपलिंगच्या दगडी शेतकऱ्यांखालून दीडशे वर्षं आंबा आत जातोय.

आता रत्नागिरीत कुणी हे काम हाती घ्यायचं ठरवलं, तर काय काय आड येतं आणि काय मदतीला धावतं?

पहिली गोष्ट माती. रत्नागिरीची ओळख असलेला जांभा घडणीला उपयोगाचा नाही. तो लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला, खरबरीत, हाताला न वळणारा. कुंभार वापरतात ती शेतातली, तळ्याच्या काठची साचलेली चिकणमाती. ती लाल भाजते आणि बाराशे अंशांच्या जवळ नेली तर फुगते, बसते. उंच तापमानावर टिकणारी पांढरी माती हवी तर केओलिन लागतं. त्याचे साठे शेजारच्या सिंधुदुर्गात आहेत, म्हणजे १९८१ पर्यंतच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातच. पण केओलिन एकट्याने वळत नाही. त्यात चिकट बॉल क्ले, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ मिसळावं लागतं. मग भिंतीवरच्या जाडसर कामासाठी भाजलेल्या मातीचा चुराही घालतात, म्हणजे तडा कमी जातो.

जांभा मात्र दुसरीकडून कामाला येतो. बारीक कुटून, पाण्यात निथळवून घेतला की तो लोहाचा रंग देतो. लोहासारखं हरहुन्नरी रंगद्रव्य कुंभाराकडे दुसरं नाही. झिलईत शेकडा एक-दोन भाग लोह आणि भट्टीत प्राणवायूची टंचाई असली तर फिकट हिरवी छटा येते, चीन-कोरियात सेलाडन म्हणून पूजली गेलेली. तेच प्रमाण आठ-दहावर नेलं तर काळाभोर. हवा भरपूर असली तर मधासारखा पिवळसर ते तपकिरी. झिलईच्या या रसायनात मराठी मुलखातून निर्मला पटवर्धन यांनी आयुष्य घातलं आणि कुंभारांसाठी इंग्रजीत हातपुस्तक लिहिलं. आजही स्टुडिओत काम करणारे ते चाळतात.

आणि मग हापूस. रत्नागिरीकराच्या मनात पहिलं चित्र येणार ते आंब्याचं, आणि रसायनाच्या बाजूने सर्वांत त्रासदायकही तोच. तांबं हिरवा देतं, कोबाल्ट निळा, मँगनीज वांगी-जांभळा. म्हणजे बांगड्याची निळसर-हिरवी पाठ जमेल, पिकलेल्या कोकमाचा गडद जांभळटपणा जमेल. पिवळा-केशरी मात्र सहज येत नाही. इटलीतले कुंभार त्यासाठी शिसं आणि अँटिमनीचं संयुग वापरत. आज प्रासिओडिमियम आणि झिर्कॉनचा पिवळा मिळतो, तो उंच आचेलाही टिकतो. केशरी, लाल यांसाठी कॅडमियमचे रंग झिर्कॉनच्या कवचात बंद करून विकले जातात. शिसं-कॅडमियम भिंतीवर असल्याने जेवणात उतरत नाही हे खरं, पण कोरडी पूड कालवणाऱ्याच्या फुप्फुसाला भिंत आणि ताट यांतला फरक कळत नाही. मास्क लागतोच. शिवाय देठाकडचा हिरवा, गालावरची लाली आणि मधला सोनेरी रंग एकमेकांत विरघळवायचा म्हणजे झिलईच्या तीन थरांचा अंदाज. बहुतेक सिरॅमिक आंबे इथेच प्लास्टिकचे दिसू लागतात.

आकाराचंही तसंच. खऱ्या हापूसवरून प्लास्टरचा साचा काढला आणि त्यात माती दाबली, तर वाळताना आणि भाजताना मिळून ती दहा-बारा टक्क्यांनी आक्रसते. अस्सल हापूसचा साचा, बाहेर येतो तो बाळआंबा. म्हणून अनुभवी हात आधी मोठा आंबा घडवतात आणि साचा त्याचा घेतात. आंबा आतून पोकळ असावा लागतो, मागे हवेला एक भोक असावं लागतं. भरीव गोळ्यात अडकलेल्या पाण्याची शंभर अंशांवर वाफ झाली की तो भट्टीत फुटतो आणि शेजारच्या चार वस्तूंचंही नुकसान करतो.

या विषयात जिवंत नक्कल करायचा मोह फार जुना आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या बेर्नार पालिसीने मासे, शिंपले, साप, पानं यांचे थेट साचे काढून ताटं सजवली. झिलईचं गुपित शोधताना सरपण संपलं तेव्हा घरातलं टेबल आणि जमिनीच्या फळ्या त्याने भट्टीत घातल्या, असं त्याने स्वतःच १५८० सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बायकोला काय वाटलं तेही त्यात आहे, आणि ते कौतुकाचं नव्हतं. पोर्तुगालमध्ये राफाएल बोर्डालो पिन्हेइरो या व्यंगचित्रकाराने १८८४ साली काल्दाश दा राइन्या गावात कारखाना उभारला. तिथून निघालेली कोबीच्या पानांची भांडी आजही विकली जातात. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी उतरणाऱ्या बांगड्या-सुरमईला हाच मार्ग मोकळा आहे: अंगावरचा चिकटा मीठ-व्हिनेगरने धुवायचा, पर उघडून मासा ओल्या वाळूवर मांडायचा आणि वरून प्लास्टर ओतायचं. अर्ध्या तासात साचा तयार होतो. मासा त्या दिवशी खाता येत नाही एवढाच तोटा.

कोकणातल्या स्वयंपाकघराला सर्वांत शोभणारी वाट मात्र पानाची आहे. पातोळ्यांना लागणारं हळदीचं पान, त्याच्या शिरा समांतर धावणाऱ्या. अळूचं पान, देठापासून फांद्या फुटत गेलेलं. पानाची मागची बाजू ओल्या मातीच्या लादीवर ठेवून वरून लाटणं फिरवलं की शीर न् शीर उमटते. पान काढलं नाही तरी चालतं. भट्टीत ते जळून जातं. पहिल्या भाजणीनंतर लोहाचं किंवा मँगनीजचं पाणी लावून वरवर पुसून घेतलं, की रंग खळग्यांत राहतो आणि शिरा उजळून दिसतात. इथे कौशल्य कमी लागतं असं नाही. माती किती ओली असावी हे कळायला हंगाम जातो. पण आंब्यातला खोटेपणा पानात येत नाही, कारण पान स्वतः तिथे होतं.

हंगामाचा उल्लेख आलाच आहे तर पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बराचसा जून ते सप्टेंबर. या काळात लादी वाळत नाही, आणि पंखा लावून घाईने वाळवली तर कडा आधी आक्रसतात, लादी वाकते. उपाय जुनेच: दोन फळ्यांमध्ये दाबून, अधूनमधून उलटून, प्लास्टिकखाली सावकाश. भट्टीतही घाई चालत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचे कण अचानक फुगतात आणि थंड होताना त्याच अंशावर पुन्हा आकुंचन पावतात. बऱ्याच लाद्या तापताना टिकतात आणि उतरताना तडकतात, ते भट्टी लवकर उघडल्यामुळे.

काम मोठं असेल तर ते तुकड्यांत करावं लागतं. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ साली लखनौच्या रवींद्रालयावर टागोरांच्या नाटकावरचं ८१ फूट लांब आणि ९ फूट उंच भित्तिशिल्प केलं, ते भाजलेल्या मातीच्या हजारो तुकड्यांतून. प्रत्येक तुकड्यामागे क्रमांक, आणि सांधा कुठे येणार याचा विचार आधीच. पानाफळांच्या कामात ही सोय निसर्गानेच केली आहे. सांधा पानाच्या कडेने किंवा देठाच्या रेषेने नेला की तो नजरेला येत नाही.

उरतं ते भिंतीवर चढवणं. जांभ्याची भिंत सच्छिद्र. खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज ढिला होतो, म्हणून भोकात प्लग आणि स्क्रू. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रूला दोन पावसाळ्यांत गंज चढतो आणि लाल ओघळ पांढऱ्या झिलईवरून खाली येतो, म्हणून स्टेनलेस किंवा पितळी. कमी आचेची लाल माती ओल शोषते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर झिलई मागूनही हवी. गॅसच्या अगदी मागे उठावाचं काम लावू नये. फोडणीचं तेल पानाच्या शिरांत बसलं की टूथब्रश घेऊन बसावं लागतं. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी चिकटवण्याऐवजी सिमेंट बोर्डावर तुकडे बसवून बोर्ड चार स्क्रूंनी लावावा, म्हणजे घर बदलताना माटवीसारखाच तो उतरवता येतो आणि पुढच्या भिंतीवर पुन्हा चढतो.